मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा

देवीदास, या वैशाखातल्या शेवटच्या रविवारी दुपारी, काटोल रस्त्याकडच्या एका गावात, गोविंदराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत तू मरण पावलास. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव विहिरीत बेशुद्ध पडला होता. त्याला वर पाठवायला तू उतरलास. नामदेव वाचला. विहिरीत बुडण्याइतकं पाणी नव्हतं. प्राणवायू न मिळाल्यामुळे मृत्यू, असं डॉक्टरांनी लिहिलं आहे.

आमच्या पेपरात ही बातमी चौथ्या पानावर आली. ती मीच लिहिली. तुझं वय, शिक्षण, नोकरी आणि मागे कोण आहे ते सगळं तिच्यात आलं. इथे ते पुन्हा लिहीत नाही. गावाचं नाव बातमीत होतं, इथे नाही. तिथल्या लोकांनी तशी विनंती केली आहे.

रविवारच्या पुरवणीत तुझं सदर यायचं, खडकांची आणि भूरूपांची ओळख करून देणारं. पठार कशाला म्हणायचं, टेकडी कशाला, खोरं कसं होतं, अग्निज खडक आणि गाळाचा खडक यांत फरक काय. मजकूर घेऊन तू स्वतः यायचास, माझ्या टेबलासमोरच्या मोडक्या खुर्चीवर बसायचास, आणि मी पेन्सिल उचलली की तुझा चेहरा बदलायचा. पहिल्याच लेखाला मी विचारलं होतं, खडक आणि दगड एकच ना?

"नाही गा," तू म्हणालास. "जाग्यावर बसला आहे तो खडक. तुटून सुटला का दगड. पायात आला का धोंडा. नदीनं घासला का गोटा."

"आणि डोक्यात पडला तर?"

"तर तुमची बातमी."

हे तू बोललास. लेखात मात्र 'शिलाखंड' लिहिलंस. सगळ्या सदरात हेच होत राहिलं. तोंडाने तू 'मले' आणि 'तुले' म्हणायचास आणि कागदावर आलास की 'तद्वत्' आणि 'किंबहुना'. मी म्हणायचो, बोलतोस तसं लिही. एकदा तू त्यावर नीट उत्तर दिलंस. ते मी विसरलेलो नाही.

"सोप्पं लिहा म्हनणं तुले सोप्पं आहे, शेटजी. तुझ्या घरात मोठे शब्द आधीच होते. आमच्या वाट्याले लहान शब्द लय आले. माझ्या मोहल्ल्यातल्या पोरानं पेपर उघडला तर त्याले बी कळलं पाहिजे का हा शब्द त्याच्यासाठी छापला आहे. नाही समजला तर शोधेल."

माझं घर गांधीबागेतलं, कापडाच्या धंद्यातलं. म्हणून मी 'शेटजी'. खात्यावर जमा कधीच काही नव्हतं, पण नाव चिकटलं. तुझंही तसंच. धम्म घेतला तेव्हा तू शाळेत होतास. घरातल्या देव्हाऱ्यातलं सगळं गेलं, हजेरीपटावरचं नाव राहिलं. सुजाता वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, "नाव देवीचा दास, आन् देवळासमोरून जातानी मान दुसरीकडे." तू म्हणायचास, नाव काही मी ठेवलं नाही.

आपल्या नागपूरच्या खाली दोन वेगळे खडक आहेत, हे मला तू सांगितलंस. पूर्वेकडे, इतवारी आणि गांधीबागेच्या खाली, जुना पट्ट्यापट्ट्यांचा खडक. पश्चिमेला, बर्डीच्या टेकडीपासून तुझ्या प्रताप नगरापर्यंत आणि पुढे, काळा, लाव्ह्याचा. "तुझं घर इतक्या जुन्या खडकावर आहे," तू म्हणालास, "का त्याच्यात मेलेला जीव बी सापडत नाही. तेव्हा मरायले कोणी नव्हतं." इतवारीत हातगाड्यांच्या गर्दीत उभे राहून आपण हे बोलत होतो. मागून हमाल ओरडत होता, बाजू, बाजू. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना मी खाली पाहतो.

गोविंदरावांच्या विहिरीची गोष्ट तुझ्याकडे आली ती अशीच, सदर वाचून. ते आले आणि म्हणाले, आमची विहीर श्वास घेते. तू हसला नाहीस. संक्रांत होऊन गेल्यावर आपण तिथे गेलो. मुलांकडे पतंगाचा कागद उरलेला होता, त्याची एक लांब पट्टी तू मागून घेतलीस.

मी विहिरीत डोकावलो तेव्हा पहिल्यांदा काय चुकतंय ते कळलं नाही. मग कळलं. पारवे नव्हते. आपल्याकडच्या विहिरीत टाळी वाजवली की पारवे उडतात. तू टाळी वाजवलीस. टाळीचा आवाज खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

सकाळची वेळ होती. तू आधी कंदील सोडलास. तो जळत राहिला. मग आपण दोघं कडेच्या दगडांवर पाय देत उतरलो आणि तू भिंत दाखवत गेलास. वरती मुरूम. त्याखाली मांजऱ्या, भोकाभोकांचा, दगडी स्पंजासारखा. त्याखाली हातभर तांबडा थर, ज्याला गावात गेरू म्हणतात. त्याखाली काळा पाषाण, थेट तळापर्यंत. मांजऱ्या आणि गेरू जिथे भेटतात तिथे एक फट होती, आडवी, मूठ जाईल एवढी. तू पट्टी फटीपुढे धरलीस. पट्टी आत वळली आणि ताठ राहिली. पलीकडून कोणी ओठांत धरावी तशी.

"हवेचा दाब सकाळी वाढते," तू म्हणालास. "मांजऱ्याच्या पोकळ्यात कमी राहते. म्हनून हवा आत जाते. दुपारून दाब उतरला का भैर येते. बस, एवढंच आहे."

मग तू मला गेरूवर हात ठेवायला लावलास.

"हा खडक नाही. जमीन आहे. याच्यावर ऊन पडलं, पानी पडलं. मंग वरून दुसरा शिलारस आला, आन् ही भाजून निघाली. त्याच्यानंतर इथं उजेड पडला तो विहीर खोदली तेव्हा."

"यावर कोणी चाललं असेल?"

"मानूस नव्हता."

"मग कोण?"

"मले काय माहीत कोण. हात काढ आता."

मी हात काढला. सदऱ्याची बाही फटीकडे ओढली जात होती. तू ती पाहिलीस आणि वर चढायला लागलास.

दुपारी आपण काठावर बसलो. फटीतून बारीक घुमल्यासारखा आवाज सुरू झाला होता. वाऱ्याचा असतो तसा तो वरखाली होत नव्हता. एका पट्टीत होता, आणि मधे थांबायचा. खालून येणारी हवा तोंडावर लागत होती. ती गार नव्हती, उष्णही नव्हती. वास नव्हता. तू म्हणालास, वास असता तर बरं झालं असतं. मग कंदील पुन्हा सोडलास. वाऱ्याने दिवा जातो तसा तो गेला नाही. ज्योत आधी आखडली, मग वातीपासून सुटली, क्षणभर तशीच वर राहिली, आणि नव्हती. गोविंदराव आणि नामदेव आपल्या शेजारी उभे राहून पाहत होते.

"हे काय हाय जी?" नामदेवने विचारलं.

"मी पक्कं पाहून सांगतो," तू म्हणालास. "मी सांगत नाही तोवर कोणी उतरू नका."

त्यांनी ते पाळलं. तू आणखी काही वेळा जाऊन आलास आणि खात्री झाल्यावर सांगायचं ते लेखात लिहिलंस.

त्या लेखावरून झालेलं भांडण सगळ्या न्यूजरूमने ऐकलं. मी म्हणत होतो, 'श्वास' लिही, गाव तेच म्हणतं.

"श्वास लिहिलं का उद्या तिथं देवी बसली."

"मग लिही, विहीर वारा सोडते."

"वारा सोडते? काहून, तिले गॅस झाला?"

शेजारच्या टेबलावरचा क्रीडा प्रतिनिधी हसत खुर्चीवरून उठला. तू हसला नाहीस. तुझ्या कागदावर 'बहिर्गमन' होतं. मी म्हटलं, आमच्याकडे बहिर्गमन विधानसभेत होतं, विरोधी पक्षाचं. तू म्हणालास, शब्द बरोबर आहे का नाही तेवढं सांग. शब्द बरोबर होता. लेख तुझा होता, नाव तुझं होतं, आणि शंका वस्तुस्थितीबद्दल नव्हती. तुझा शब्द राहिला. वाक्यं अशी छापली गेली: 'वायुभार न्यून होताच खडकातील दूषित वायूचे बहिर्गमन होते. अपराह्णी हे विशेषत्वाने घडते. अवतरणापूर्वी याचा विचार व्हावा.'

त्यानंतरच्या शनिवारी गोविंदराव इतवारीत पंपाचं सामान घ्यायला आले आणि तिथून आमच्या ऑफिसात. तू नव्हतास. ते खुश होते.

"साहेबाले सांगा जी, काम झालं. पेपर वाचला आमी. शाळेच्या मास्तरनं फोड करून सांगितली."

"काय सांगितलं?"

"का खराब हवा दुपारून भैर निघून जाते. बहिर म्हंजे भैर, गमन म्हंजे जानं. त्या दिवशी कंदील विझला तवा ते आत भरलेलं होतं. आता दुपारून विहीर मोकळी. पंप खालीच अटकून राहिला हाय, उतरून काढून घेतो."

मी त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं की उलट आहे. हवा खडकातून बाहेर येते, विहिरीबाहेर नाही. दुपारी तीच जागा माणसाला मारेल. त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बाप्पा." नामदेव घरी आहे, पण मी गेल्याशिवाय तो हात लावत नाही, असंही म्हणाले. त्यांचा मुक्काम रात्री नागपुरातच, नातेवाइकांकडे होता.

संध्याकाळी मी प्रताप नगरात तुझ्याकडे आलो. तू ऐकलंस आणि म्हणालास, "तो काय म्हनाला ते पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. तू टेबलावरचे दगड बाजूला सारून तो लेख काढलास.

"त्याचं व्याकरण बरोबर आहे," तू म्हणालास. "माझं भूशास्त्र बी बरोबर आहे."

सुजाता वहिनी दारात उभ्या होत्या. "मंग चुकलं कोन?"

उद्या गोविंदरावासोबत जातो, म्हणालास. सगळ्या गावाला बसवून सांगतो. मी विचारलं, कोणत्या शब्दांत? तू म्हणालास, "पाहतो." आपलं शेवटचं बोलणं ते. भांडण तिथेच आहे. माझी बाजू खरी ठरली असं मला म्हणता येत नाही. 'श्वास' छापलं असतं तर मास्तरने त्याची काय फोड केली असती, ते मला माहीत नाही. मोहल्ल्यातल्या ज्या मुलासाठी तू मोठे शब्द लिहीत होतास, तो एकदा ऑफिसात येऊन तुझ्या जुन्या लेखाचा अंक मागून घेऊन गेला होता. हे तुला सांगायचं राहिलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गोविंदराव, नामदेव आणि दोर धरणारे तिघं यांना मी वेगवेगळं विचारलं. जिथे त्यांचं सांगणं जुळतं तेवढंच लिहितो.

तू आणि गोविंदराव दुपारच्या एसटीने पोचलात. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, वावटळ उठत होती, म्हणजे दाब रोजच्यापेक्षा जास्त उतरला होता. फाट्यावरच आरडाओरडा ऐकू आला. नामदेव थांबला नव्हता. भाऊ येईपर्यंत पंप काढून ठेवावा, असं त्याला वाटलं. तो तळाशी पडलेला दिसत होता. तू कंदील मागितलास. तो गेरूपर्यंत पोचायच्या आधीच विझला. तू तो वर ओढून घेतलास, बाजूला ठेवलास आणि चपला काढल्यास.

गोविंदराव तुला म्हणाले, नका जाऊ साहेब, मी जातो. तू म्हणालास, "तुमाले वरून ओढता येते, मले नाही."

दोर एकच होता. तो तू कमरेला बांधलास आणि त्यांना सांगितलंस, "मी बोलत राहीन. कोनत्या थरापाशी आहो ते सांगत राहीन. बोलनं थांबलं का ओढा."

तू बोलत उतरलास. काठावरच्या चौघांनी ते ऐकलं आणि चौघं सारखंच सांगतात. "मुरूम." थोड्या वेळाने, "मांजऱ्या." मग, "गेरू." मग, "काळा." दर थराला तू तेच म्हणत राहिलास, पुढचा येईपर्यंत, मोठ्याने, घाई न करता. कोणता शब्द कोणाला समजला नाही असं झालं नाही. खाली गेल्यावर तू कमरेचा दोर सोडून नामदेवला बांधलास आणि ओरडलास, "ओढा."

नामदेव वर आला. त्याला काठावर पालथं घातलं. दोर पुन्हा सोडला, पण तो तू धरला नाहीस. तू आपल्या पायांनी चढायला लागला होतास, कारण आवाज वर येत होता. "काळा." "काळा." मग, "गेरू." हा शब्द दोन जणांनी दोनदा ऐकला, दोघांनी एकदा. त्यानंतर काही नाही.

दोर ओढला तो रिकामा आला.

नागपूरहून अग्निशमन दलाची माणसं नळीचे मुखवटे घेऊन पोचली तेव्हा दिवस कलला होता. त्यांच्यातला जो खाली गेला त्याने मला सांगितलं की तू पडलेला नव्हतास. गेरूच्या थरापाशी, पंपासाठी कोरलेल्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसला होतास. डोकं फटीच्या बाजूला वळलेलं होतं, कानात कोणी काही सांगत असावं तसं. कानात सांगण्याचे हे शब्द त्या जवानाचेच आहेत. मी बातमीत घेतले नाहीत.

नामदेव आता बरा आहे. खालचं काही आठवतं का, मी विचारलं. तो म्हणाला, डोळे मिटलेले होते, पण आवाज येत होता.

"साहेबांचा?"

"एक साहेबाचा."

मी पुन्हा विचारल्यावर तो म्हणाला, तब्येत बरी नव्हती जी, मले काय कळत होतं.

सुजाता वहिनींना मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी मला एकच विचारलं, की तू शेवटी काय म्हणालास. मी सांगितलं, गेरू. त्या म्हणाल्या, "लिहिलं असतं तर काहीतरी मोठं लिहिलं असतं." आणि तुझ्या टेबलावरचे दगड पुसायला लागल्या.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गावात गेलो. विहिरीवर देवी बसलेली नाही. शेंदूर नाही, फूल नाही. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. कोणी ठेवायला गेलं होतं, गोविंदरावांनी परत पाठवलं. "साहेबाले चाललं नसतं," ते म्हणाले. पण सकाळी शेतात जाणारी माणसं आता विहिरीला वळसा घालून जातात, आणि दुपारी त्या बाजूने कोणीच जात नाही. कारण विचारलं तर ते आडवळणाने बोलत नाहीत.

"आधी विहीर घेत होती जी," गोविंदराव म्हणाले. "आता साहेब घेऊन राहिले."

"काय?"

"श्वास. दुपारून या. नावं घेतात ते. खालून वर. काळा म्हनतात, गेरू म्हनतात. तिथंच थांबतात."

"तुम्ही ऐकलं?"

"म्या ऐकलं, मास्तरनं ऐकलं. आमची म्हातारी रोज म्हनते, आज मांजऱ्यावर येतील. येत नाहीत."

मी दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत काठावर बसलो. फटीतून हवा बाहेर येत होती. आवाज होता, एका पट्टीतला, मधे थांबणारा. त्यात मला कोणताही शब्द ओळखू आला नाही. गोविंदराव माझ्या शेजारी बसले होते. एकदा आवाज थांबला तेव्हा ते हळूच म्हणाले, "गेरू." मी वही बंद केली.

निघताना मी गावात घरोघर विचारलं. तुला वर काढल्यापासून त्या विहिरीत कोणीही उतरलेलं नाही.